गुलाबी

गुलाबी : गुलाबाच्या फुलासारखा फिकट तांबडा रंग दर्शविणारे व लक्षणेने सुखद किंवा आशादायक स्थिती सुचविणारे मराठी विशेषण. फार्सीत ‘गुल’ म्हणजे फूल व ‘आब’ म्हणजे पाणी. त्यामुळे ‘गुलाब’ याचा मूळ अर्थ गुलाबजल असा होतो. भारतीय भाषांत तो फुलाचा वाचक झाला व त्यावरून हे विशेषण सिद्ध झाले. मूळ अर्थ विस्मृतीत गेल्यामुळेच ‘गुलाबपाणी’ या शब्दात पाण्याचा निर्देश दोनदा येतो.

मराठवाड्यात बहमनी, निजामशाही, मोगल व आसफजाही राजवटींमुळे फार्सीचा संपर्क दीर्घकाळ राहिला. हैदराबाद संस्थानात १८८४ च्या सुमारास फार्सीच्या जागी उर्दू ही राजभाषा झाली, तरी असे अनेक शब्द मराठीत रुळलेलेच राहिले.

‘गुलाबी थंडी’ या प्रयोगात केवळ सुखदता अभिप्रेत असते. ‘गुलाबी स्वप्ने’, ‘गुलाबी चित्र’ यांत मात्र भविष्यकाळाविषयीची आशा सूचित होते. या प्रयोगांचे इंग्रजीतील समांतर प्रयोगांशी साम्य स्पष्ट आहे. तथापि ‘गुलाबी चित्र रंगविणे’ असे म्हणताना मराठी भाषक बहुधा अवाजवी आशावादाला दोष देत असतो. समृद्धी व सौभाग्य यांचा परंपरागत रंग हिरवा होय. हिरवा चुडा, हिरवेगार शेत ही त्याची उदाहरणे.

बीड–धाराशिव मार्गावरील चौसाळ्यासारख्या, बालाघाटावरील पर्जन्याश्रयी भागात या शब्दाला आणखी एक, विपरीत अर्थच्छटा लाभली आहे. कापसावरील गुलाबी बोंडअळीचे शास्त्रीय वर्णन सॉन्डर्स यांनी १८४३ मध्ये भारतातील नमुन्यांवरून केले. पूर्ण वाढलेल्या अळीच्या रंगावरून तिला हे नाव मिळाले. ग्रस्त फुले उमलत नाहीत व गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली राहतात. त्यांना ‘डोमकळी’ म्हणतात. अळी बोंडात शिरून सरकी खाते, तरी बोंड बाहेरून निकोप दिसू शकते. बीटी कापसाला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली व २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. परंतु अळीने त्यांना प्रतिकार विकसित केला. २०१७ च्या खरीप हंगामात विदर्भ व मराठवाड्यात, बीड जिल्ह्यासह, मोठी हानी झाली. तेव्हापासून कापूस उत्पादकांच्या बोलण्यात ‘गुलाबी’ हा शब्द एकट्यानेही या किडीचा वाचक म्हणून येतो. अशा रीतीने एकाच विशेषणात आशा व पीकनाश हे दोन्ही अर्थ आज नांदतात. कोणता घ्यावयाचा, हे संदर्भावरूनच ठरते.