कॅलिफोर्नियातील सागरी क्रीडा-मासेमारी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिण भागात, पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यालगत, दांडी, रीळ व दोरी यांच्या साहाय्याने खेळ म्हणून केली जाणारी समुद्रातील मासेमारी. उपजीविकेसाठी वा व्यापारासाठी केल्या जाणाऱ्या मासेमारीहून ती भिन्न होय. मोठ्या सागरी माशांशी हलक्या साधनांनी झुंज देण्याच्या या खेळाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सांता कॅटलिना या बेटावर नियमबद्ध स्वरूप प्राप्त झाले. उन्हाळ्याचा उत्तरार्ध, विशेषतः ऑगस्ट व सप्टेंबर हे महिने, येथील मुख्य हंगाम मानले जातात. या महिन्यांत मासे मोठ्या संख्येने हाती लागतात. परंतु त्यावरून समुद्रात मासे विपुल आहेत, असे अनुमान काढणे अनेकदा चुकीचे ठरले आहे. या खेळाचे नियम, प्रथम स्वेच्छेने पाळलेले व पुढे कायद्याने लादलेले, बव्हंशी या अनुभवातून घडत गेले.

सागरी परिस्थिती : कॅलिफोर्निया प्रवाह हा थंड पाण्याचा प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. वसंत ऋतूत व उन्हाळ्याच्या आरंभी वायव्येकडून वाहणारे वारे आणि पृथ्वीचे परिवलन यांमुळे किनाऱ्याजवळचे पृष्ठजल समुद्राकडे ढकलले जाते व त्याची जागा खालचे थंड, पोषकद्रव्यांनी समृद्ध असे पाणी घेते. त्यावर प्लवकांची वाढ होते व प्लवकांवर अँचोव्ही, सार्डीन (तारलीच्या जातीचे मासे) यांसारख्या लहान माशांचे थवे पोसले जातात. पॉइंट कन्सेप्शन या भूशिराच्या दक्षिणेस किनारा पूर्वेकडे वळतो. त्यामुळे तेथे वाऱ्याचा जोर कमी असतो व मुख्य थंड प्रवाहही किनाऱ्यापासून दूर राहतो. परिणामी हिवाळ्यात सु. १४° से. असणारे पृष्ठजल ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये १८° ते २२° से.पर्यंत तापते.

हे उबदार पाणी व त्यातील विपुल खाद्य यांच्या मागोमाग दक्षिणेकडून व खोल समुद्रातून यलोटेल, ट्यूना (कुपा), पट्टेरी मार्लिन व तलवार मासा हे मोठे मासे बेटांच्या परिसरात येतात. उबदार व थंड पाण्याच्या सीमारेषेवर भक्ष्य एकवटते. त्यामुळे पाण्याच्या रंगातील व तपमानातील बदल हे माशांच्या शोधातील महत्त्वाचे गमक ठरते. तुटून वाहत आलेल्या केल्प या प्रचंड शैवलाच्या सावलीत यलोटेल व डोराडो मासे आश्रय घेतात. सकाळी वारा मंद असताना पृष्ठभागावर विसावलेल्या तलवार माशाचे पर व शेपटीचे टोक दुरून दिसू शकते. दुपारी पश्चिमेचा वारा वाढला की ही खूण लाटांत हरवते.

प्रारंभ : कॅटलिना बेटावरील ॲव्हलॉन हे गाव या खेळाचे आद्य केंद्र होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे येणारे प्रवासी जाड हातदोऱ्यांनी यलोटेल मासे मोठ्या संख्येने ओढून काढीत व त्यांतील पुष्कळसे वाया जात. निसर्गाभ्यासक व लेखक चार्ल्स फ्रेडरिक होल्डर (१८५१–१९१५) यांना हा प्रकार खेळाच्या दृष्टीने हीन व विनाशकारक वाटला. त्यांच्या पुढाकाराने १८९८ मध्ये ॲव्हलॉन येथे ‘ट्यूना क्लब’ स्थापन झाला. माशाला सुटकेची न्याय्य संधी मिळावी, हे या संस्थेचे मूलतत्त्व होते. दोरीची जाडी २४ धाग्यांपर्यंत मर्यादित करण्यात आली व मासा दुसऱ्या कोणाच्याही मदतीशिवाय नावेपर्यंत आणला पाहिजे, असा दंडक घालण्यात आला. १०० पौंडांहून (सु. ४५ किग्रॅ.) अधिक वजनाचा ट्यूना या नियमांनी पकडणाऱ्यास निळी गुंडी हे मानचिन्ह मिळे. १८९९ मध्ये कर्नल सी. पी. मोरहाउस यांनी २५१ पौंड (सु. ११४ किग्रॅ.) वजनाचा नीलपर ट्यूना पकडला. ॲव्हलॉनच्या नियमांचे अनुकरण इतरत्रही होऊ लागले.

साधने व तंत्र : आरंभीच्या रिळांना अंतर्गत रोधक नसे. मासा पळू लागला की रिळाची मूठ उलट दिशेने वेगाने फिरे व बोटांना इजा होई. दोरी केवळ अंगठ्याखालील चामड्याच्या पट्टीने आवरावी लागे. विल्यम बॉशेन यांच्या प्रयत्नांतून अंतर्गत रोधक असलेले रीळ प्रचारात आले व १९१३ मध्ये त्यांनी दांडी व रीळ यांच्या साहाय्याने पहिला तलवार मासा पकडला. त्यांच्या नावेचे कप्तान जॉर्ज फार्न्सवर्थ यांनी १९१०च्या सुमारास पतंगाचे तंत्र रूढ केले. नावेच्या आवाजाने ट्यूनाचे थवे बुजतात. म्हणून दोरी पतंगाला अडकवून उडता मासा हे आमिष नावेपासून दूर, पाण्यावर उसळ्या मारीत नेले जाई. कादंबरीकार झेन ग्रे (१८७२–१९३९) यांच्या लेखनामुळे ॲव्हलॉनची कीर्ती सर्वदूर पसरली.

क्लबमधील खेळ हा प्रामुख्याने धनिकांचा होता. पुढे माणशी भाडे आकारून अनेकांना एकत्र समुद्रात नेणाऱ्या नावा सुरू झाल्या. जिवंत अँचोव्ही वा सार्डीन हे आमिष वापरण्याची पद्धती त्यांनी लोकप्रिय केली. यामुळे हा खेळ सामान्य कामगारांच्या आवाक्यात आला. त्याचबरोबर समुद्रातून काढल्या जाणाऱ्या माशांची संख्याही वाढली.

हंगामातील चढउतार : १९०३ मध्ये सॅन पेद्रो येथे अल्बकोर ट्यूना डबाबंद करण्याचा उद्योग सुरू झाला व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सार्डीनचा व्यापारही वाढला. १९३६-३७च्या हंगामात पॅसिफिक किनाऱ्यावर सार्डीनचे उत्पादन सात लाख टनांवर गेले. परंतु चाळीशीच्या दशकाअखेर ते कोसळू लागले. त्याची कारणे शोधण्यासाठी १९४९ मध्ये कॅलिफोर्नियात सहकारी संशोधन-योजना सुरू झाली. समुद्राचे तपमान, क्षारता, प्लवक व माशांची अंडी यांची तिने घेतलेली नियमित मोजणी आजही चालू आहे. समुद्रतळाच्या गाळात सापडलेल्या खवल्यांवरून सार्डीनच्या संख्येत मासेमारीपूर्वीच्या काळातही मोठे चढउतार होत असल्याचे पुढे सिद्ध झाले. नैसर्गिक ऱ्हासाच्या काळात अतिरिक्त मासेमारी चालू राहिल्यास तो ऱ्हास अधिक तीव्र होतो, हा त्यातील बोध होय.

याच मोजणीतून १९५७–५९ या काळातील असामान्य उष्णतेची नोंद झाली. एल निन्यो या आविष्काराने तापलेल्या पाण्यात यलोटेल व अन्य दाक्षिणात्य मासे मोठ्या संख्येने उत्तरेकडे आले व हौशी मासेमारांना भरघोस यश लाभले. १९८२-८३ व १९९७-९८ मध्येही असेच घडले. २०१५ मध्ये तर वाहू हा उष्णकटिबंधीय मासाही या किनाऱ्यावर पकडला गेला. अशा वर्षांतील यश हे माशांच्या स्थलांतराचे फळ असते. त्यांच्या एकूण संख्येत वाढ झाल्याचे ते गमक नव्हे.

विपुलतेचा आभास : काही जातींच्या बाबतीत ही गल्लत अधिक घातक ठरली. वालुकातळावर राहणारा सँड बॅस हा मासा उन्हाळ्यात प्रजननासाठी ठराविक जागी मोठ्या थव्यांनी जमतो. या जागा मासेमारांना ठाऊक असल्याने प्रत्येक फेरीत पूर्वीइतकेच मासे मिळत राहिले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मात्र असे दिसून आले की, एकूण संख्या ढासळत असतानाही थवे दाट राहिल्याने पकडीचे प्रमाण टिकून होते. २०१३ मध्ये या व संबंधित जातींसाठी किमान लांबी १२ इंचांवरून १४ इंचांवर नेण्यात आली व दररोजची मर्यादा दहावरून पाच माशांवर आणली गेली.

महाकाय सागरी बॅस हा मासा २५० किग्रॅ.पर्यंत वाढू शकतो व ७० वर्षांहून अधिक जगतो. एकेकाळी ॲव्हलॉनच्या धक्क्यावर त्यासह छायाचित्र काढून घेणे प्रतिष्ठेचे समजले जाई. सावकाश वाढणारी ही जात व्यापारी व क्रीडा अशा दोन्ही प्रकारच्या मासेमारीमुळे जवळजवळ नाहीशी झाली. १९८२ पासून ती पकडून ठेवण्यास हौशी मासेमारांना बंदी आहे. १९९० मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्यान्वये किनाऱ्याजवळील गिल जाळ्यांवर निर्बंध आले व १९९४ पासून ते पूर्णपणे अंमलात आले. त्यानंतर हा मासा पुन्हा दिसू लागला असला, तरी त्याची संख्या अद्याप अल्प आहे.

नीलपर ट्यूनाचा प्रश्न एका राज्याच्या कायद्याने सुटण्याजोगा नाही. हा मासा जपान व तैवानच्या परिसरात जन्मतो. त्यातील काही अल्पवयीन मासे महासागर ओलांडून कॅलिफोर्निया व मेक्सिकोच्या किनाऱ्यांवर येतात, तेथे काही वर्षे वाढतात व प्रजननासाठी परत पश्चिमेकडे जातात. एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचा प्रजननक्षम साठा अत्यंत खालावला. त्यानंतर पॅसिफिकच्या दोन्ही बाजूंच्या राष्ट्रांनी व्यापारी पकड कमी केली. २०१५ मध्ये अमेरिकेने हौशी मासेमारांसाठी असलेली दहा माशांची दैनिक मर्यादा दोनवर आणली. योगायोगाने त्याच सुमारास कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मोठे नीलपर ट्यूना पुन्हा येऊ लागले होते व निर्बंध अनावश्यक आहेत, असे अनेकांना वाटले. २०२४ च्या मूल्यमापनानुसार, मासेमारी झालीच नसती तर जो साठा असता, त्याच्या २० टक्क्यांची पातळी या जातीने २०२१ मध्ये गाठली. ही सुधारणा अपेक्षेहून लवकर झाली. ऐन भरभराटीच्या हंगामातही पाळलेल्या संयमाचा त्यात वाटा आहे.

१९१५ च्या आगीत जळालेली ट्यूना क्लबची वास्तू १९१६ मध्ये पुन्हा उभारण्यात आली व ती आजही ॲव्हलॉनच्या किनाऱ्यावर आहे. फार्न्सवर्थ यांच्या काळातील पतंगाचे तंत्र मोठ्या ट्यूनांच्या पुनरागमनानंतर पुन्हा प्रचारात आले आहे.