बीडच्या पोटांतला पूर्णविराम

बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाई येथें दासोपंतांची पासोडी आहे. सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा कापडावर या संतकवीनें (१५५१–१६१५) पंचीकरणाचा विषय अक्षरें आणि आकृत्या यांनीं मांडला. हात आणि कापड यांच्यामध्यें तेथें तिसरा कोणी नव्हता. यंत्र अक्षरें जुळवूं लागलें तेव्हां तो तिसरा आला, आणि त्याची समजूत काढणें हाही लेखनाचाच एक भाग होऊन बसला.

डोनाल्ड क्नूथ यांनीं १९७८ मध्यें 'टेक्' ही पानें जुळविण्याची पद्धति प्रथम सिद्ध केली. तींत मजकुराबरोबर जुळणीच्या खुणाही लिहावयाच्या असतात. पण ती घडली रोमन अक्षरांसाठीं. ऱ्हस्व इकार उच्चारावयाचा व्यंजनानंतर आणि काढावयाचा त्याच्या आधीं, हें तिला कोठून ठाऊक असणार? १९९१ सालीं नेदरलंडांतील ग्रोनिंगन विद्यापीठांत फ्रान्स वेल्थुइस यांनीं मध्यें एक दुभाष्या बसविला. लेखकानें देवनागरी मजकूर रोमन अक्षरांत लिहावा, दुभाष्यानें तो टेक्‌ला उमजेल असा करून द्यावा.

रोमन अक्षरें अपुरीं, म्हणून चिन्हांना कामाला लावलें गेलें. 'ड' म्हणजे टिंब आणि डी. 'श' म्हणजे दुहेरी अवतरणचिन्ह आणि एस. त्यामुळें 'बीड' लिहितांना नांवाच्या पोटांतच पूर्णविराम येई. आष्टींत तर दोन. शिरूरचा आरंभच अवतरणचिन्हानें!

आतां, ज्या संपादकांत हा मजकूर लिहावयाचा त्या ईमॅक्सची समजूत निराळीच. टेक्‌चा मजकूर दिसला कीं दुहेरी अवतरणाची कळ दाबतांच तो आपण होऊन छपाईचीं जोड-अवतरणें घाली. हेतु चांगला, परिणाम असा कीं 'श' चा 'स' होई. उपाय साधा होता: कळ लागोपाठ दोनदां दाबावी, म्हणजे मूळ चिन्ह उमटे. टिंबाला मात्र असा उपाय नव्हता. शब्दाशब्दानें पुढें सरकतांना ईमॅक्स 'बीड' मध्येंच थांबे. त्याच्या लेखीं ते दोन शब्द.

जोनाथन क्यू यांचें 'झीटेक्' २००४ मध्यें आलें आणि देवनागरी सरळ लिहितां येऊं लागली. दुभाष्या गेला, तरी खोड राहिली. मराठी 'र' चीं जोडाक्षरें दोन प्रकारचीं. युनिकोडांत 'दऱ्या' साठीं नुक्त्याचा 'ऱ' लागतो, 'दर्या' साठीं साधा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर दोन्ही एकाच कळीवर बसतात, फरक फक्त शिफ्टचा. ती दाबावयाची राहिली, कीं बालाघाटाच्या डोंगरांत, समुद्रापासून इतक्या दूर, छापील पानावर दर्या येऊन ठाकतो.