ख्रिस्ती उपवास : संज्ञा, आचार आणि प्रयोजन

धर्माचाराच्या इतिहासात आचाराचे वर्णन करणे सुलभ असते. त्याचे प्रयोजन निश्चित करणे मात्र कठीण. आचाराचे बाह्य रूप शतकानुशतके टिकून राहते आणि त्यामागील हेतू पालटत जातो. ख्रिस्ती परंपरेतील उपवास हे याचे ठळक उदाहरण होय. न खाणे ही क्रिया एकच. परंतु ती कशासाठी करावयाची, आणि न खाल्लेल्या अन्नावर हक्क कोणाचा, या दोन प्रश्नांची उत्तरे निरनिराळ्या काळी निरनिराळी दिली गेली. त्यांचा माग काढताना उपवासवाचक शब्दांचे मोठे साहाय्य होते.

हिब्रूमधील 'त्सोम' हा शब्द अरबी 'सौम'चा सगोत्र आहे. त्याच्याच जोडीला हिब्रू धर्मग्रंथांत 'जीवाला क्लेश देणे' या अर्थाचा वाक्प्रयोगही येतो. तेथे भर अन्नत्यागापेक्षा नम्रतेवर आहे. ग्रीक 'नेस्तेइया' या शब्दात नकारवाचक अंश आणि 'खाणे' या अर्थाचा धातू एकत्र आले आहेत. लॅटिन 'येयुनिउम'च्या मुळाशी रितेपणाची कल्पना आहे. जर्मानिक भाषांतील 'फास्ट' या शब्दाचा मूळ अर्थ घट्ट धरणे, पाळणे असा आहे. या सर्वांहून निराळा शब्द म्हणजे दुसऱ्या शतकातील रोमच्या ख्रिस्ती लोकांत रूढ असलेला 'स्तातिओ'. तेर्तुलियनाने त्याचा संबंध सैनिकाच्या पहाऱ्याशी जोडला आहे. उपवास करणारा हा केवळ उपाशी माणूस नव्हे, तर जागत उभा असलेला पहारेकरी होय, अशी ही कल्पना.

या पहाऱ्याचे दिवस फार लवकर ठरले. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी रचलेल्या 'दिदाखे' या ग्रीक ग्रंथात बुधवारी व शुक्रवारी उपवास करण्याचा आदेश आहे, आणि सोमवार-गुरुवारच्या प्रचलित यहुदी उपवासांहून आपला उपवास वेगळा राखण्याचा हेतू स्पष्ट आहे. म्हणजे उपवास ही समाजाची ओळखही होती. परंतु उपवास लोकांस दाखविण्यासाठी करू नये, तोंड धुऊन व डोक्याला तेल लावून तो गुप्तपणे करावा, अशी येशूची शिकवण मत्तयाच्या शुभवर्तमानात नोंदलेली आहे. समाजाची खूण आणि एकांतातील साधना यांमधील हा ताण पुढील सर्व इतिहासात आढळतो.

याच काळात तिसरे एक प्रयोजन पुढे आले. रोममध्ये लिहिलेल्या 'हर्मासचा मेंढपाळ' या ग्रंथात उपवासाची रीत अगदी व्यवहारी भाषेत सांगितली आहे. त्या दिवशी केवळ भाकरी व पाणी घ्यावे. एरवी जे खाल्ले असते त्याची किंमत काढावी आणि ती रक्कम विधवा, अनाथ किंवा गरजवंत यांस द्यावी. आरिस्तिदेस या दुसऱ्या शतकातील लेखकाने ख्रिस्ती समाजाची बाजू मांडताना असेच सांगितले आहे. कोणी दरिद्री असून त्याला देण्याइतके अन्न आपल्याजवळ नसेल, तर हे लोक दोन-तीन दिवस उपवास करून त्याची सोय करतात. येथे उपवास म्हणजे भुकेची विभागणी आहे. एकाच्या ताटातून उचललेला घास दुसऱ्याच्या ताटात जातो.

ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ यानंतर स्थिरावला. ३२५ च्या नायसिया धर्मपरिषदेच्या पाचव्या नियमात त्याचा उल्लेख येतो. येशूच्या अरण्यातील चाळीस दिवसांची आठवण, बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यांची तयारी आणि पापांचे प्रायश्चित्त ही प्रयोजने त्यात एकत्र आली. इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांनी उपवासाला अधिक कठोर रूप दिले. तथापि त्याच्या मर्यादाही त्यांनीच ओळखल्या. त्यांच्या सहवासात राहिलेल्या जॉन कासियनाने पाचव्या शतकात त्यांची मते लिहून ठेवली. उपवास हे साधन आहे, साध्य नव्हे, असे तो वारंवार बजावतो. पाहुणा आला असता एका वृद्ध तपस्व्याने आपला उपवास मोडला आणि कारण विचारल्यावर सांगितले, की उपवास नेहमीच जवळ आहे, पाहुणा मात्र निघून जाणार. शिवाय उपवास ऐच्छिक आहे, प्रेम ही आज्ञा आहे. पोप पहिला लिओ (४४०-४६१) यानेही उपवास व दानधर्म यांची फारकत होऊ नये, असे आपल्या प्रवचनांत आग्रहाने सांगितले.

मध्ययुगात उपवास कायद्याचा विषय बनला, आणि कायद्याबरोबर सवलतीही आल्या. दिवसाचे एकमेव जेवण मुळात सायंकाळी होत असे. ते प्रथम नवव्या प्रहरघटिकेला, म्हणजे सुमारे तीन वाजता, आणि अखेर दुपारी बारालाच होऊ लागले. लॅटिनमध्ये 'नववी' या अर्थाच्या 'नोना' शब्दावरून आलेल्या इंग्रजी 'नून'चा अर्थ मध्यान्ह असा झाला, त्यामागे जेवणाच्या व प्रार्थनेच्या वेळेचे हे सरकणे आहे, असे मानले जाते. जेवण अलीकडे आल्यावर रात्रीसाठी हलका फराळ चालू झाला. मठांत त्या वेळी कासियनाच्या 'कोलातिओनेस' या ग्रंथाचे वाचन होई, म्हणून त्या फराळालाही 'कोलातिओ' हे नाव पडले. ज्या ग्रंथाने संयम शिकविला, त्याचेच नाव उपवासातील सवलतीला मिळावे, यात शब्दार्थाच्या इतिहासाचा एक मार्मिक विनोद आहे.

पुढे सवलतीला द्रव्याचे मूल्य आले. स्पेन व पोर्तुगाल येथे धर्मयुद्धासाठी ठरावीक दान देणाऱ्यास उपवासकाळातील काही निषिद्ध पदार्थ खाण्याची मुभा मिळे. फ्रान्समधील रूआँ येथील कॅथीड्रलच्या एका मनोऱ्यास 'लोण्याचा मनोरा' म्हणतात. लोणी खाण्याच्या परवानगीसाठी मिळालेल्या दानातून तो उभा राहिला, अशी परंपरा आहे. हर्मासच्या काळी न खाल्लेल्याची किंमत विधवेला मिळत होती. आता खाल्लेल्याची किंमत भरली जाऊ लागली. १५२२ च्या मार्च महिन्यात झुरिक येथे मुद्रक क्रिस्तोफ फ्रोशाउअर याच्या घरी उपवासकाळात मांसाच्या वळकट्या खाल्ल्या गेल्या, त्याची पार्श्वभूमी ही होती. कामाचा भार मोठा असल्याने मजुरांस पोटभर अन्न हवे, असा त्याचा बचाव होता. धर्मसुधारक त्स्विंग्ली तेथे उपस्थित होता. त्याने स्वतः मांस खाल्ले नाही, परंतु खाण्याच्या स्वातंत्र्याचे समर्थन प्रवचनातून केले. त्याने उपवासाचा निषेध केला नाही, सक्तीचा केला.

सक्तीची दुसरी बाजू पोर्तुगीज सत्तेखालील गोव्यात दिसते. तेथील ख्रिस्ती समाजाने या पर्वाचे 'कोरेज्म' हे नाव पोर्तुगीज 'क्वारेज्मा'वरून घेतले. परंतु अन्नत्यागाच्या क्रियेला 'उपास' हा आपलाच शब्द ठेवला. काळाचे नाव परके, क्रियेचे नाव घरचे. याच भूमीत १७३६ च्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने ख्रिस्ती झालेल्यांस एकादशीचा उपास करण्याची मनाई केली. एक उपास आज्ञेने करावयाचा आणि दुसरा आज्ञेने सोडावयाचा, अशी स्थिती एकाच घरात, एकाच शब्दाच्या आश्रयाने निर्माण झाली. भूक तीच असता ती कोणत्या दिवशी सोसली, यावर निष्ठा मोजली गेली. समाजाची खूण म्हणून उपवासाला जे महत्त्व 'दिदाखे'पासून होते, त्याचे हे शासकीय टोक होय.

१९६६ मध्ये पोप सहावा पॉल याने रोमन कॅथलिकांचे अनिवार्य उपवास राखेचा बुधवार व उत्तम शुक्रवार या दोन दिवसांपुरते मर्यादित केले आणि प्रायश्चित्ताची जागा प्रार्थना व परोपकारानेही भरून काढता येईल, असे सुचविले. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स संप्रदायांत मात्र दीर्घ उपवास अद्याप चालू आहेत. नियम शिथिल झाल्याने उपवास संपला, असे मानण्याचे कारण नाही. जुना प्रश्न केवळ मोकळा झाला.

मराठी बायबलातही 'उपास' हाच शब्द आहे. संस्कृत 'उपवास'चा मूळ अर्थ 'जवळ राहणे' असा. शतपथ ब्राह्मणात यज्ञाच्या आदल्या दिवशी देव यजमानाच्या घरी येऊन राहतात, आणि पाहुणे जेवण्यापूर्वी यजमानाने जेवणे अयोग्य, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. ख्रिस्ती परंपरेचा त्या विधीशी संबंध नाही. परंतु पाहुण्यासाठी उपवास मोडणारा इजिप्तचा तपस्वी आणि पाहुण्यासाठी उपवास धरणारा वैदिक यजमान या दोघांच्याही मनात स्वतःच्या ताटापूर्वी दुसऱ्याचे ताट आहे. ख्रिस्ती उपवासाच्या इतिहासात जेव्हा जेव्हा हे दुसरे ताट दृष्टीआड झाले, तेव्हा तेव्हा मागे केवळ नियम उरला, आणि नियमासोबत त्याची किंमतही.