आघाताची स्थळप्रत
१/ १९५९ साली आयबीएमने १४०३ हा प्रिंटर आणला. फिरत्या साखळीवर अक्षरे, कागदामागे १३२ हातोड्या. हवे ते अक्षर समोर येताच हातोडी कागदाला शाईच्या फितीवर आपटे. वेग मिनिटाला ६०० ओळी!

२/ पुढे डॉट मॅट्रिक्स आला. बारीक सुया फितीवर आघात करून ठिपक्यांतून अक्षर घडवू लागल्या. १९८० च्या एप्सन एमएक्स-८० मध्ये अशा ९ सुया होत्या.

३/ १९८४ साली एचपीचा लेझरजेट आला. छपाई शांत आणि सुबक झाली. पण लेझर एका वेळी एकाच कागदावर छापतो. सुईचा आघात मात्र कार्बनमधून खालच्या प्रतींवरही उमटतो.

४/ ग्राहकाची पावती आणि दुकानदाराची स्थळप्रत एकाच आघातातून जन्मते. पुढे एकीत खाडाखोड झाली, तर दुसरी साक्ष देते. हा कर्कश प्रिंटर टिकला तो या साक्षीसाठी.