ब्रेकपॉइंटचे कूळ

चालता प्रोग्राम मध्येच अडवून त्याची झडती घेण्याची सोय संगणकाबरोबर जन्मली नाही. 1949 साली केंब्रिजमध्ये एडसॅक सुरू झाला. आपले उरलेले आयुष्य बहुतेक स्वतःच्याच प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात जाणार, हे मॉरिस विल्क्स यांना लवकरच उमगले. यंत्र थांबवून दिवे न्याहाळत बसणे परवडणारे नव्हते, कारण यंत्राचा वेळ माणसाच्या वेळेपेक्षा महाग होता. 1951 मध्ये त्यांचे सहकारी स्टॅनली गिल यांनी यावर तोड मांडली: तपासनीस प्रोग्रामने दुसऱ्या प्रोग्रामची एकेक आज्ञा स्वतः चालवायची आणि तिची खूण टेलिप्रिंटरवर छापत जायची. काम रखडत चाले, पण माग कागदावर राही. तो वाचायचा मात्र नंतर, यंत्रापासून दूर बसून.

उलट प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली ती एमआयटीत. 1958 साली तिथे आलेल्या टीएक्स-0 या यंत्रापुढे वेळ राखून एकट्याने बसता येई. हाताशी फ्लेक्सोरायटर हा विजेचा टाइपरायटर असे. थॉमस स्टॉकहॅम आणि जॅक डेनिस यांनी त्यावरून चालणारा 'फ्लिट' हा तपासनीस प्रोग्राम लिहिला. मेमरीतल्या जागा आकड्यांऐवजी प्रोग्रामरने दिलेल्या नावांनी विचारता येऊ लागल्या. फ्लिट हे तेव्हाच्या एका कीटकनाशकाचे नाव; म्हणून 1961 मध्ये पीडीपी-1 साठी आलेला वारसदार 'डीडीटी' झाला. पुढे एमआयटीच्या आयटीएस प्रणालीत तर लॉगिन केल्यावर समोर येई तो डीडीटीच. रोजच्या आज्ञाही त्यालाच द्यायच्या.

युनिक्स या कार्यप्रणालीत अडचण वेगळी होती. एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या मेमरीत हात घालायला तिथे बंदी. त्यासाठी 'पीट्रेस' हा परवाना थेट कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, ठेवावा लागला. त्याच्या बळावर स्टीव्ह बोर्न यांचा एडीबी आणि बर्कलीत मार्क लिंटन यांचा डीबीएक्स हे तपासनीस उभे राहिले. डीबीएक्सचाच नमुना समोर ठेवून रिचर्ड स्टॉलमन यांनी 1986 मध्ये जीडीबी लिहिला.

जीडीबीत 'ब्रेक' म्हटले, की इंटेलच्या प्रोसेसरवर सहसा एवढेच घडते: त्या जागेवरचा मूळ बाइट बाजूला काढून तिथे 'सीसी' हा हेक्साडेसिमल बाइट बसवला जातो. प्रोसेसर तिथे पोचताच अडतो, कर्नल जीडीबीला इशारा देतो, आणि आपण विचारू ते आकडे समोर येतात. पुढे जाताना जीडीबी मूळ बाइट परत ठेवतो, एक पाऊल चालू देतो आणि सापळा पुन्हा लावतो. 'सीसी' ही प्रोसेसरची आज्ञा मुद्दाम एकाच बाइटची आहे. याहून लांब असती, तर एका बाइटच्या आज्ञेवर सापळा लावताना शेजारची आज्ञाही पुसली गेली असती.

सी भाषेचा प्रोग्राम लिहिणारा आज एडिटरमध्ये ओळीशेजारी माउसने लाल ठिपका उमटवतो. लिनक्सवर त्या ठिपक्यामागे अनेकदा जीडीबीच असतो, आणि त्याला जाणारी आज्ञा आजही मजकुराची एक ओळच असते.