तुमच्या हाती शेपटी आली आहे

उद्या मुलांना आंधळे आणि हत्तीची गोष्ट सांगणार आहात ना? मग आज श्रावस्तीला चला. तिथे, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या सहेत-महेतला, आता विटांचे पाये उरलेत. अडीच हजार वर्षं मागे सरकलात, की तुम्ही कोसल राज्याच्या राजधानीत उभे.

सकाळची वेळ. भिक्षू पात्रं घेऊन निघालेत. शहरातले निरनिराळ्या पंथांचे साधू हमरीतुमरीवर आलेत: जग शाश्वत आहे की नाही, त्याला अंत आहे की नाही. भिक्षू जेतवन विहारात परतून हे बुद्धांच्या कानावर घालतात, आणि ते एक जुनी गोष्ट काढतात. पाली ‘उदान’ ग्रंथात ती आहे. तिच्यामागून तुम्हाला आणखी मागे जावं लागतं, याच शहरातल्या एका बिननावाच्या राजापुढे.

राजाने गावातले सगळे जन्मांध गोळा करवलेत. तुम्हीही डोळे मिटा. कुणीतरी तुमचा हात धरून पुढे नेतो, कशावर तरी टेकवतो. लांब, खरखरीत, सारखं हलणारं. मुसळ! शेजारच्याला कान मिळालाय, तो सूप म्हणतो. डोक्यापाशी घडा, सुळ्यापाशी नांगराचा फाळ, अंगापाशी कोठार, पायापाशी खांब. शेपटीचा गोंडा ज्याच्या हाती आला, तो केरसुणी म्हणून मोकळा. सगळं घरातलं नि शेतातलं. (मुसळ न पाहिलेल्या मुलांसाठी इथे फळ्यावर चित्र काढावं लागेल. काढाच.)

पण हात टेकवताना तो माणूस काय बोलला, ऐकलंत? हत्ती म्हणतात तो असा, एवढंच. ही त्याची शेपटी, हे त्याने सांगितलं नाही. मुलांना आपण गोष्ट सांगतो त्यातून हा माणूस बहुधा गळतो, आणि मला तर तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ज्याला दिसत नाही तो अनोळखी वस्तू एकाच जागी चाचपून थांबत नाही. मोकळीक असेल तर सगळीकडून हात फिरवतो. इथे प्रत्येकाच्या वाट्याला एकच जागा आली.

राजा विचारतो, पाहिलात हत्ती? पाहिला, महाराज! आणि पुढच्याच क्षणी मुसळवाला नि सूपवाला एकमेकांना गुद्दे घालताहेत. राजा खूश आहे.

परतताना तेराव्या शतकात महाराष्ट्रात जरा थांबा. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनीही हा दृष्टांत दिला होता. केसोबासांच्या ‘दृष्टांतपाठा’त तो आहे. जैनांनी तर अनेकान्तवाद, म्हणजे सत्याला अनेक बाजू असतात हा विचार, समजावायला हाच हत्ती जवळ केला.

आता वर्ग. ‘प्रत्येकाचं थोडं थोडं बरोबर’ हे वाक्य घाईने फळ्यावर लिहू नका. जाड चादरीखाली शिवणयंत्र ठेवा, डोळ्यांवर पट्ट्या बांधा. एक मूल राजा, एक हात धरून नेणारा. पहिल्या डावात प्रत्येकाला एकच जागा, बोलायला मनाई. दुसऱ्या डावात जागा बदलायची, शेजाऱ्याला विचारायची मुभा. मग हात धरणाऱ्याला सगळ्यांसमोर विचारा, कुणाला कुठे न्यायचं हे तू कसं ठरवलंस? आणि राजाला विचारा, हसू कशाचं आलं? राजा व्हायला चौघं तरी भांडतील. भांडू द्या.