एकवीरेच्या डोंगरावरील यवन दाते

चैत्र महिन्यात वरळी कोळीवाड्यातील माणसे कार्ल्याच्या एकवीरा आईच्या यात्रेला जातात. पालखी आणि नवसाच्या गर्दीत देवळाला लागूनच असलेल्या लेण्यात सहज डोकावून परतणारे पुष्कळ. परंतु तेथील खांब थांबून पाहण्यासारखे आहेत, कारण त्यांवर देणगीदारांची नावे कोरलेली आहेत.

सुमारे 124 फूट लांबीचे हे चैत्यगृह भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे होय. जवळजवळ 1900 वर्षांपूर्वीचे हे काम एका राजाच्या खजिन्यातून झालेले नाही. वैजयंती, म्हणजे कर्नाटकातील बनवासी, येथील भूतपाल शेठजींनी ते पूर्ण केले आणि जंबुद्वीपात हे उत्तम, असे अभिमानाने लिहून ठेवले. धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने दरवाजा दिला, सोपाऱ्याच्या सातिमित्राने खांब दिला. आणि सिहधय, यसवधन अशा काही दात्यांच्या नावाला ‘यवन’ हा शब्द जोडलेला आहे. यवन म्हणजे मूळचे ग्रीक. नावे इथली, श्रद्धा इथली. ओळख मात्र समुद्रापलीकडची.

ही ओळख सह्याद्रीत कशी पोहोचली, त्याचे उत्तर कोकणच्या बंदरांत आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात सोपारा, कल्याण व चौल यांची नावे येतात. वरळीचे बेट त्यात नाही. पण उत्तरेस सोपारा, दक्षिणेस चौल आणि खाडीच्या आत कल्याण, अशा वाटेवरच ते उभे होते. इजिप्तमधून जुलैच्या सुमारास निघालेली गलबते नैर्ऋत्य वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडीत व वारा फिरला की हिवाळ्यात परतत. येताना मद्य, तांबे, कथील, पोवळी, काच. जाताना सुती कापड, हस्तिदंत, अकीक, मिरी. पैठण आणि तेरचा माल गाड्यांतून बंदराकडे येई. हा व्यापार नेहमीच निर्वेध नव्हता. राजसत्तांच्या भांडणात कल्याणचे बंदर अडविले गेले आणि तेथे लागलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात.

भडोचविषयी याच ग्रंथात एक मजकूर आहे, तो कोळी बांधवांनी अवश्य ध्यानात ठेवावा. नर्मदेच्या मुखाशी उथळ वाळू, जबरदस्त भरती आणि परका नाखवा! म्हणून राजाच्या सेवेतील स्थानिक मच्छीमार आपल्या मोठ्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, परदेशी गलबते दोर लावून ओढीत, भरतीबरोबर पुढे नेत आणि ओहोटीला ठरलेल्या खोल जागी नांगरीत. आजच्या भाषेत हे बंदराचे पायलट. पुस्तके व्यापाऱ्यांची नावे सांगतात. माल ज्यांच्या हातांनी सुखरूप किनाऱ्याला लागला, त्यांची क्वचितच.

एक नाव मात्र उरले आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने एक लेणे खोदविले. त्याच डोंगरावर आणखी एक लहान लेणे आहे. त्यावरील लेखात मुगुदास या दात्याला ‘दासक’ म्हटले असून, अभ्यासकांनी त्याचा अर्थ मासेमार असा लावला आहे. हे लेणे त्याने आपल्या सर्व परिवारासह दान दिले. पुढे धर्मनंदी नावाच्या उपासकाने त्याच लेण्याला एक शेत जोडून दिले, तेथील भिक्षूला त्या उत्पन्नातून वस्त्र मिळावे म्हणून.